रत्नागिरी-राजापूरचे सडे: गुरचराईच्या विरळ वस्तीचा भूगोल आणि इतिहास

कातळवाट

नमस्कार. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, नाटे असा दक्षिणेकडे जाणारा रस्ता एकदा खाडीवर उतरतो, पूल ओलांडतो आणि पुन्हा चढून उघड्या, सपाट कातळावर येतो. काजळी, मुचकुंदी, अर्जुना आणि वाघोटन या सह्याद्रीतून येणाऱ्या नद्यांनी मूळच्या सलग पठाराचे तुकडे पाडले आहेत. समुद्रसपाटीपासून साधारण पन्नास ते दोनशे मीटर उंचीच्या या तुकड्यांना आपण सडा म्हणतो. त्यावर घरे जवळजवळ नसतात, शेती थोडी असते आणि माणूस दिसला तर तो बहुधा गुरांमागे असतो. शासकीय दप्तरात या जमिनीचा मोठा भाग पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून लागलेला आहे, आणि बाहेरून येणाऱ्याला ती रिकामी वाटते. ती रिकामी का राहिली आणि रिकामी असताना गावाच्या कोणत्या कामी येत होती, यावर येथे नीट माहिती जमावी, म्हणून हा धागा काढत आहे.

प्रथम भूगोल. येथील बहुतेक सडे बेसॉल्टची दीर्घकाळ झीज होऊन तयार झालेल्या जांभ्याचे आहेत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, परंतु वरच्या कडक कवचावर माती बोटभरही ठरत नाही. खळग्यांत साचलेले पाणी पावसाळ्यानंतर लवकरच आटते. बारमाही पाणी नाही, माती नाही आणि आडोसाही नाही, म्हणून वाड्या सड्यावर न बसता त्याच्या उतारावर, झऱ्यांच्या रेषेला धरून बसल्या. गावाची रचना त्यामुळे तीन थरांची झाली: खाली दरीत मळ्याची भातजमीन, मधल्या उतारावर घरे, आगर आणि नाचणी-वरीची वरकस जमीन, आणि माथ्यावर सडा.

या तिसऱ्या थराचे काम पावसाळ्यात सुरू होई. भात लागले की गुरांना खाली ठेवणे शक्य नसे, कारण बांधावरून एक जनावर आत शिरले तरी लावणीचा नाश ठरलेला. त्यामुळे नेमक्या त्याच काळात, जेव्हा सड्यावर कोवळे गवत येते आणि खळगे पाण्याने भरलेले असतात, तेव्हा वाडीची सगळी गुरे वर जात. घरटी पाळी लावून किंवा भातावर (मजुरी म्हणून भात देऊन) गुराखी ठेवून ती राखली जात. इरले पाठीवर घेतलेला राखण्या आणि समुद्रावरून येणारा आडवा पाऊस यांची सांगड येथील पन्नाशीपुढच्या वाचकांना सांगायला नको. दुपारी गुरे ठरलेल्या गोठणीवर बसत. ही जागा सावलीची, किंचित उंच आणि पाण्याजवळची असे. ऑक्टोबरात राखलेल्या भागातले करड (वाळलेले गवत) कापून उडव्या (गंजी) रचल्या जात आणि भात कापून झाले की गुरे खालच्या मळ्यांत मोकळी सुटत. पुढे जूनपर्यंत त्यांना फारसा मालक नसे.

लक्षात घेण्याची गोष्ट अशी की ही गुरे दुधासाठी क्वचितच होती. लहान चणीची, काटक कोकणी गाय, जिची आता ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे, ती दूध बेताचेच देते. गावाला तिच्याकडून चिखलात न रुतणारा बैल हवा असे आणि शेण हवे असे. तरव्याची (भाताच्या रोपांची) जागा भाजताना कवळे (पाल्याच्या फांद्या), पातेरा आणि शेण यांचा राब, म्हणजे जाळायचा थर, लागतो, आणि त्यातले शेण हे सड्यावरच्या गवताचेच रूपांतर होते. दरीतल्या भाताचे खत अशा रीतीने माथ्यावरून येत होते, आणि म्हणूनच सडा हा शेतीबाहेरचा प्रदेश आहे असे मला वाटत नाही.

ज्यांना आपापल्या गावच्या गोठणी, पाणवठे, गुरांच्या पाणंदी (वाटा) ठाऊक आहेत, त्यांनी अवश्य लिहावे.

मुचकुंदीकाठ

उत्तम विषय. पाण्याबद्दल थोडी भर घालतो. जांभा सच्छिद्र असतो. कवचातील भेगांतून पावसाचे पाणी आत उतरते आणि खाली असलेल्या चिकट, मऊ, पांढुरक्या-जांभळट मातीच्या थरावर अडते. तेथून ते आडवे सरकत सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे वाडीतील विहिरीचे पाणी हे डोक्यावरच्या सड्यात साठलेले पाणी असते. चिरेखाणींनी (जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणींनी) कवच काढून घेतले की पाणी कुठून आत जावे आणि किती वेळ थांबावे हे सगळेच बदलते. एखाद्या सड्यावर खाण सुरू झाल्यानंतर खालच्या वाडीतील झरा मार्चऐवजी जानेवारीत आटू लागल्याच्या तक्रारी आमच्या भागात नवीन नाहीत. प्रत्येक वेळी कारण खाणच असते असे मी म्हणणार नाही, परंतु परवानगी देण्यापूर्वी खालच्या झऱ्यांची नोंदसुद्धा होत नाही, हे मात्र खरे आहे.

गुरांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की उन्हाळ्यात त्यांना पाण्यासाठी सड्याच्या कडेलाच यावे लागते. त्यामुळे जुन्या पाणंदी सड्यावरून कशाही जात नाहीत. त्या कडेच्या झऱ्यापासून निघून वर पसरतात. जुना नकाशा हाताशी नसला तरी पाणवठे धरून चालत गेल्यास वाटा सापडतात.

अपरान्त

इतिहासाच्या अंगाने काही मुद्दे मांडतो.

या सड्यांवरील माणसाच्या वावराचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे कातळशिल्पे. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत कोकणातील कातळशिल्पांचा समावेश झाला. त्यात महाराष्ट्रातील कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी आणि कुडोपी ही आठ ठिकाणे असून गोव्यातील एक आहे. कशेळीच्या सड्यावरील हत्तीची आकृती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि तिच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. या शिल्पांचा काळ निश्चित करणे अवघड आहे, कारण उघड्या कातळावर कालमापनास योग्य असा थर साचत नाही. मध्याश्मयुगापासून इतिहासकाळाच्या आरंभापर्यंतचा लांबलचक पट्टा अभ्यासक सुचवतात. सिंधुदुर्गातील कोळोशी येथील गुहेच्या उत्खननात दगडी हत्यारे मिळाल्याने या प्रश्नाला आता काही आधार येऊ लागला आहे.

आपल्या विषयाशी संबंधित बाब ही की या आकृतींत हत्ती, वाघ, हरणे, मासे, पक्षी, इतकेच नव्हे तर आज कोकणात नसलेला गेंडाही आहे. परंतु शेतीची किंवा गुरे राखण्याची दृश्ये आढळत नाहीत. त्यावरून ती कोरणारे लोक शिकार आणि अन्नसंकलन करून जगत असावेत, असे अनुमान काढले जाते. ते मान्य केल्यास सड्याचा गुरचराईसाठी उपयोग हा नंतरचा अध्याय ठरतो. मधल्या काळाबद्दल आपल्याजवळ फार थोडे आहे. खालच्या दऱ्यांमध्ये स्थिर गावे केव्हा होती, याचा एक पक्का पुरावा मात्र याच परिसरात आहे. कशेळीच्या कनकादित्य मंदिरात शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३, म्हणजे इसवी सन ११९१ चा ताम्रपट आहे आणि त्यात कशेळी गाव दान दिल्याची नोंद आहे. आठशे वर्षांपूर्वी जे गाव दान देण्याजोगे उत्पन्न देत होते, त्याला बैल आणि शेण लागतच असणार, आणि त्या गावाची गुरे पावसाळ्यात सड्याखेरीज अन्यत्र कोठे चरत असतील हे मला सांगता येत नाही. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण भूगोलाने पर्यायच फारसे ठेवलेले नाहीत.

देवाचे गोठणे येथील सड्यावर होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, हे पाहण्यासाठी आता पर्यटक जातात. त्यांच्या मोटारी जिथे उभ्या राहतात तो भागही चराईचाच आहे, असा एक फलक लावल्यास बरे होईल.

डोंगरपायथा

धागा किनाऱ्यालगतच्या सड्यांचा आहे, तरी पूर्वेकडील डोंगराळ भागाचा उल्लेख न केल्यास चित्र अर्धे राहील. संगमेश्वर, लांजा, राजापूर या तालुक्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर आणि सोंडांवर गवळी धनगरांचे वाडे आहेत. दोन-चार किंवा फार तर दहा-पंधरा घरे, सभोवती रान, आणि जवळचे मोठे गाव दोन-तीन तासांच्या उतरणीवर, अशी ही वस्ती असते. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या समाजाची रीत सविस्तर मांडली आहे. जास्त पावसाच्या माथ्यावर म्हशी पाळायच्या, दूध टिकत नाही म्हणून त्याचे लोणी-तूप करायचे आणि ते खालच्या गावांत धान्याच्या बदल्यात द्यायचे. खालचा शेतकरी आणि वरचा गवळी यांची जमीन वेगळी, जनावर वेगळे आणि गरजही वेगळी असल्याने त्यांच्यात स्पर्धेपेक्षा देवघेव अधिक होती.

ही व्यवस्था राखीव जंगलांच्या हद्दी, झाडतोड आणि धरणे यांनी मोडत गेली. साठच्या दशकात कोयनेच्या जलाशयाने घाटमाथ्यावरील अनेक वस्त्या उठवल्या. पुढे चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाल्यावर चराईची मोकळीक आणखी आक्रसली. आज अनेक धनगरवाड्यांत म्हशींपेक्षा मुंबईहून येणाऱ्या पैशावर घर चालते, आणि तरीही रस्ता नसल्याने आजाऱ्याला डोलीतून खाली आणावे लागल्याची बातमी दर पावसाळ्यात वाचायला मिळते.

किनाऱ्याचा सडा आणि घाटमाथा यांत फरक इतकाच की सड्यावर गुरे जातात आणि माणसे वाडीत परततात. माथ्यावर माणसेही गुरांबरोबर राहिली.

खारवट

सर्वांचे लेखन आवडीने वाचले, परंतु त्यात एक गोडवा येऊ लागला आहे, तो मला खटकतो. गुराखी कोण असे? बहुधा ज्याला शाळेत पाठवणे घराला परवडत नसे असा मुलगा किंवा मुलगी, आणि पुष्कळदा दुसऱ्याची गुरे भातावर राखणाऱ्या कुळाचे पोर. सड्यावर वीज पडून मेलेली गुरे आणि माणसेही लोकांच्या स्मरणात आहेत. दुसरे असे की नव्या गवतासाठी किंवा निव्वळ बेफिकिरीने लावलेले वणवे जानेवारीपासून सड्यावर धुमसत असतात. त्यात रुजू पाहणारी झुडपे, उडव्या आणि शेजाऱ्याची कलमे सगळेच जाते. सड्याचे उघडेपण सगळे निसर्गदत्त नाही; काही अंशी ते दरवर्षीच्या आगीचे आणि गुरांच्या दातांचे फळ आहे.

कातळवाट

खारवट यांचा पहिला मुद्दा पूर्णपणे ग्राह्य आहे आणि तो या धाग्यात यायलाच हवा होता. गुरचराईचा इतिहास लिहिताना गुरांची आणि गवताची मोजदाद होते, राखणाऱ्याच्या हुकलेल्या शाळेची होत नाही.

दुसऱ्या मुद्द्याबाबत मात्र भेद करावा लागेल. सड्याच्या कडा आणि वरकस उतार जाळले-चारले गेल्याने उघडे झाले, हे खरे आहे; गडगा (दगडी कुंपण) घालून काही वर्षे राखलेल्या उतारावर ऐन, किंजळ, कुंभा, करवंद आपोआप उठते, हे कोणीही पाहू शकतो. परंतु सपाट माथ्यावरील कडक कवच राखले तरी तेथे जंगल होत नाही, कारण मुळांना उतरायला जागा नाही. तेथे भेगेपुरते झाड आणि खळग्यापुरते गवत वाढते. पहिल्या सरीबरोबर फुलणारी पांढरी दिपकाडी, पुढे पाणथळ जागी येणारे गेंद आणि सीतेची आसवे, भाद्रपदातला पिवळा कवला, या सगळ्या वनस्पती अशा उघड्या, काही काळ पाण्याखाली आणि काही काळ भाजणाऱ्या जमिनीवरच जगतात. दिपकाडी तर मुख्यतः या किनारपट्टीच्या सड्यांवरच आढळते. अशा ठिकाणी खड्डे खणून झाडे लावण्याचे कार्यक्रम होतात तेव्हा तेथे आधीपासून काहीच नव्हते असे गृहीत धरलेले असते. माझी तक्रार त्या गृहीतकाशी आहे.

कलमवाला

मी आंबा बागायतदार आहे, त्यामुळे या कथेतील खलनायकाची जागा माझ्यासाठी राखून ठेवलेली दिसते. तरी बाजू मांडतो.

१९९० नंतर रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीला अनुदान मिळू लागले आणि ज्या सड्याला कोणी विचारत नव्हते त्याला प्रथमच किंमत आली. कातळात सुरुंग लावून किंवा यंत्राने खड्डे पाडायचे, खालून माती आणून भरायची, पहिली काही वर्षे डोक्यावरून किंवा टँकरने पाणी घालायचे, आणि मग हापूस धरतो. एवढा खर्च केल्यावर गुरांसाठी मोकळे ठेवणे शक्य नसते, म्हणून जांभ्याचा गडगा किंवा तारेचे कुंपण येते. राखणीला आता बहुतेक ठिकाणी नेपाळी कुटुंबे असतात. म्हणजे ज्या सड्यावर शतकानुशतके कोणी राहत नव्हते तेथील पहिले बारमाही रहिवासी हे हिमालयाच्या पायथ्याचे आहेत. या योगायोगाची नोंद इतिहासात व्हावी.

आणि एक प्रश्न विचारतो. गुरे आहेत कोणाकडे? पॉवर टिलर आल्यावर बैल गेला, तरुण मुंबईला गेले, भाताची खाचरे पडीक राहिली. जी गुरे उरली त्यांतली निम्मी बिनमालकाची, रात्री महामार्गावर बसणारी. २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्याने म्हातारे जनावर विकता येत नाही, पोसवत नाही, म्हणून सोडून दिले जाते. माझ्या कुंपणाने चराई संपली असे म्हणण्यापेक्षा चराई संपत आल्यामुळे कुंपणाला कोणी हरकत घेतली नाही, असे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ जाईल.

सातबारा

कलमवाला यांचे शेवटचे वाक्य बऱ्याच गावांना लागू आहे, पण सर्व गावांना नाही. जिथे हरकत घेतली गेली तिथे ती टिकली का नाही, याचे उत्तर जमिनीच्या हक्कांत आहे.

देशावरील गावांत गायरान किंवा गुरचरण म्हणून शासकीय जमीन वेगळी काढलेली असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ मध्ये गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन नेमून देण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २०११ साली गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे जे आदेश दिले, त्यांचा आधार अशा जमिनींना मिळतो. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र बहुसंख्य गावे खोतीची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वंशपरंपरागत खोताच्या ताब्यातील, होती. पडजमिनीवर कोणी चारावे, कोणी लाकूड तोडावे, यात खोताचा शब्द चाले. खोती नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, आणि प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला. त्यानंतरही अनेक सडे खाजगी, सामायिक खात्यावर राहिले. एकेका सातबाऱ्यावर वीस-तीस नावे, त्यांतील निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत, आणि चारणारा मात्र चौथाच, अशी स्थिती आहे. कागदावर ज्याचा हक्क आहे तो जमीन वापरत नाही, आणि जो वापरतो त्याचे नाव कागदावर नाही.

याचा परिणाम मोठ्या प्रकल्पांच्या वेळी दिसला. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली आणि वारिळवाडा येथील सुमारे ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली, तेव्हा ती बहुतांशी नापीक असल्याची मांडणी आणि तेथे चराई, आंबा, भात आहे हे ग्रामस्थांचे म्हणणे समोरासमोर आले. प्रकल्प हवा की नको हा वेगळा वाद आहे आणि तो येथे नको. भूसंपादनाचा मोबदला खातेदाराला मिळतो. भातावर गुरे राखणाऱ्याला किंवा नाव नसलेल्या चारणाऱ्याला त्यात जागा नसते, एवढेच नोंदवतो.

मुचकुंदीकाठ

मग ज्या गावात अजून गुरे आहेत आणि पाणंद बंद होत आहे, त्यांनी काय करावे? वनहक्क कायद्याचा उपयोग होईल का?

सातबारा

वनहक्क कायदा, २००६ मध्ये चराईचा आणि पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क स्पष्टपणे दिलेला आहे, परंतु तो वनजमिनीपुरता आहे. डोंगरपायथा यांनी सांगितलेल्या धनगरवाड्यांना तो उपयोगी पडू शकतो. खाजगी सड्याला नाही.

खाजगी सड्यासाठी दोन जुने कायदे पाहावेत. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १८ मध्ये रूढीने मिळणाऱ्या हक्कांची तरतूद आहे, आणि त्याखाली दिलेले पहिलेच उदाहरण गावातील प्रत्येक शेतकऱ्याने सामायिक कुरणात गुरे चारण्याच्या रूढीचे आहे. याशिवाय वीस वर्षे उघडपणे, विनातक्रार आणि हक्क म्हणून वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क सांगता येतो. वाट नव्याने अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे जाता येते; त्यात शेतीबरोबर चराईच्या जमिनीचाही उल्लेख आहे. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि बहुतेक गावे ‘बघू, पाडव्याला सगळे मुंबईकर आले की बोलू’ असे म्हणत तेवढा काळ घालवतात.

पुरावा म्हणून जबाबांइतकेच कागदही लागतात. जैवविविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायतीच्या समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. बहुतेक नोंदवह्या बाहेरच्या माणसाने वनस्पतींच्या याद्या उतरवून पूर्ण केलेल्या आहेत. त्यात गोठण, पाणवठा, पाणंद, राखलेले करड आणि चराईचे महिने गट नंबरासह लिहिले तर हक्क आपोआप सिद्ध होत नाही, पण वापर होता हे दाखवणारा एक अधिकृत कागद तयार होतो.

कातळवाट

सातबारा, आपले आभार. आमच्या गावची नोंदवही मागवून पाहिली. ‘गवत’ या शीर्षकाखाली तीन नावे आहेत आणि सड्याचा उल्लेख ‘खडकाळ क्षेत्र’ एवढाच आहे. येत्या ग्रामसभेत दुरुस्तीचा ठराव मांडण्याचे ठरले आहे. ज्यांच्या गावांत असे काम आधी झाले आहे त्यांनी नोंदीचा मसुदा येथे चिकटवावा. गोठणींची जागा सांगू शकतील अशी माणसे बहुतेक सत्तरीपलीकडची आहेत, तेव्हा मसुद्यापूर्वी त्यांना घेऊन एकदा सड्यावर फेरी मारावी लागेल आणि ती पावसाआधीच मारावी लागेल, कारण गवत वाढले की जुन्या वाटा दिसत नाहीत. कलमवाला यांनीही यावे. त्यांच्या बागेच्या गडग्यालगत एक पाणवठा आहे असे ऐकतो, आणि तो कोणत्या बाजूला आहे हे ठरवण्याचे काम त्यांच्याशिवाय व्हायचे नाही.

कलमवाला

येतो. पाणवठा गडग्याच्या आत आहे. गुरांसाठी बेडे (कुंपणातील फाटक) ठेवता येईल, मात्र मोहोर ते आंबा उतरेपर्यंत ते बंद राहील, आणि ही अटही नोंदवहीत लिहावी.